कै. व. ग. स्मरणार्थ

मार्च लागला की आमच्या घरासमोरच्या शाळेत परीक्षेची लगबग सुरू होते. फाटकाला दोरी बांधतात, भिंतीवर बैठक क्रमांकांचे कागद चिकटवतात, आणि खेड्यापाड्यांतली पोरं आदल्या दिवशीच एसटीनं येऊन आपला वर्ग कुठला ते बघून जातात. हे दिवस आले की अंबडमधली पोक्त माणसंही हळवी होतात. त्यांना आपली मॅट्रिक आठवते, आपले मास्तर आठवतात. मी हळवी होत नाही. मला या मोसमाचा राग आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, तरी तो गेलेला नाही, आणि आता जाईल असं वाटतही नाही.

उन्हं अजून पुरती तापलेली नसतात. कडुनिंब पानं गाळत असतो आणि कितीही झाडलं तरी अंगण पिवळं ते पिवळंच. खळ्यांवरचं ज्वारीचं भुसकट वाऱ्यावर गावात येतं, मानेवर बसतं, खाजवतं. कोपऱ्यावरच्या दुकानात पेनांची पाकिटं टांगलेली असतात. पोरं पाकीट फोडतात, एक पेन खिशाला लावतात, बाकीची कोंबतात कंपासपेटीत. शाई संपली की पेन रस्त्यावर. सकाळी झाडताना ती केरात निघतात. ती उचलायला वाकले की मला दादा आठवतो, त्याच्या मागोमाग आप्पा आठवतात, आणि सकाळ खराब होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, यंदाच्या माघात गेले. नव्वदी ओलांडली होती, हातरुणाला फारसे खिळले नाहीत, चांगलं मरण आलं असं सगळे म्हणाले. अजूनही लोक भेटायला येतात. सतरंजीवर बसतात, हेडमास्तरांच्या शिस्तीच्या गोष्टी सांगतात, त्यांच्या छडीच्यासुद्धा कौतुकानं सांगतात. मी चहा देते आणि ऐकते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण बापाच्या सुतकात मी भावाचं सुतक धरून बसले आहे, हे त्या माणसांना कसं सांगायचं?

दादाचं नाव वसंत. माझ्याहून बराच मोठा. अंबडच्या कोर्टात नकला करायच्या कामावर होता. कुणाला निकालाची, खरेदीखताची, जबानीची नक्कल हवी असली की दादा ती उतरवून द्यायचा. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहायची, ही त्याची नोकरी. ते लिखाण तो कचेरीच्या पेननंच करायचा. घरच्या पेनांना त्यानं कधी कोर्टाची पायरी चढू दिली नाही.

घरची पेनं म्हणजे त्याचा सगळा संसार. गादीच्या जाड कापडाच्या तीन लांब पट्ट्या त्यानं शिंप्याकडून शिवून घेतल्या होत्या. प्रत्येक पट्टीला पेनाच्या मापाचे खण, आणि पट्टी गुंडाळून वरून नाडी. आप्पा त्यांना न्हाव्याची धोकटी म्हणायचे. एका पट्टीत बोरू आणि टाक. मोडीसाठी कापलेला बोरू निराळा, उर्दूसाठी तिरकी कापलेली कलम निराळी, कारण त्या लिपीचा हात उलटीकडून येतो. दुसऱ्या पट्टीत सेल्युलॉइडची रंगीत पेनं. उन्हात धरली की आत ढग सरकल्यासारखे दिसायचे. तिसऱ्या पट्टीत इबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, हातानं कातलेली. त्यातलं हैदराबादचं एक हिरव्या-काळ्या लहरींचं, जाड, बिनक्लिपचं. ते तळहातावर चोळलं की गंधकाचा वास यायचा. लहानपणी मी तो वास घ्यायला दादाच्या मागे लागायची. तो पेन माझ्या हातात द्यायचा नाही. स्वतः चोळायचा आणि माझ्या नाकाशी धरायचा.

कुंभार पिंपळगावच्या बाजारात एक म्हातारे गृहस्थ जुनी घड्याळं, चष्मे, बॅटऱ्या आणि पेनं फडक्यावर मांडून बसत. निजामाच्या अमदानीतल्या वकिलांची, अंमलदारांची पेनं त्यांच्या नातवंडांनी मोडीत काढली होती, ती फिरत फिरत या म्हाताऱ्यांकडे यायची. दादा दिसला की ते म्हणायचे, "आओ वसंतमियाँ, एक बाजूला ठेवलंय तुमच्यासाठी. बिलकुल तुमच्या मिजाजाचं." आणि दादा उकिडवा बसून तिथेच निब नखावर टेकवून बघायचा. त्या वेळी त्याचा चेहरा घरी कधी दिसायचा नाही इतका मोकळा असायचा.

रविवारी सकाळी तो ओसरीवर टिपकागद पसरायचा. माठातलं गार पाणी पेनांतून खेळवायचा, रंग उतरून पाणी नितळ येईपर्यंत. मग सावलीत वाळवायची, उन्हात कधी नाही. मग पाळीपाळीनं एकेकात शाई भरून लिहायचं. काय लिहायचं? काही नाही. बसस्थानकावरच्या पाटीवरची गावं. अंबड, शहागड, तीर्थपुरी, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव. बांधणीच्या कागदावर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर, एकाखाली एक. आप्पा आत-बाहेर करताना म्हणायचे, "झाली का गाडी फुल? का अजून पॅसेंजर घेणार आहेस?" दादा मान वर करायचा नाही.

पेन तो कुणाला देत नसे. निब लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलानं झिजते, दुसऱ्यानं चार ओळी ओढल्या तरी तिचा कल मोडतो, असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्याच्या हाती गेलेल्या पेनाला तो उष्टं म्हणायचा. एकदा घनसावंगीकडे आम्ही मुलगी बघायला गेलो. मुलीला नाव लिहून दाखवायला सांगितलं, तर त्यांच्या घरातलं एकही पेन उठेना. सगळ्यांचे डोळे दादाच्या खिशाकडे. द्यावंच लागलं. परतीच्या एसटीत तो सारखा तिकिटाच्या पाठीवर रेघोट्या ओढून बघत होता.

आप्पांनी विचारलं, "मुलगी नापसंत, का निब नापसंत?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दाब फार देते, आप्पा."

पुढच्या बाकड्यावरची माणसं हसली. आप्पाही हसले. आई हसली नाही. ते स्थळ मोडलं, नंतर दुसरी मोडली, आणि पुढे पुढे आप्पांनी गावात सांगायला सुरुवात केली की आमच्या वश्याचं लग्न लागून गेलंय, बायका पट्टीत गुंडाळून ठेवल्यात. हे ते दादासमोर सांगायचे. आलेला माणूस ओशाळून हसायचा. दादा उठून पाणी प्यायला जायचा.

एकदा आप्पांना शाळेच्या कसल्याशा कागदांवर सह्या करायच्या होत्या. खाली दोन कार्बन, त्यामुळे जोर द्यावा लागणार. दादा कोर्टात होता. आप्पांनी पट्टी सोडली, हाताला लागलं ते काळं नाजूक पेन घेतलं आणि सगळ्या सह्या त्यानं केल्या. संध्याकाळी दादानं निब बघितली. तिची दोन टोकं फाकून बसली होती. तो काही बोलला नाही. आप्पाच म्हणाले, "पेन लिहायला असतं का दाखवायला? लिहिलं. काय झालं?" दादानं ते पेन पुसून पुन्हा त्याच्या खणात ठेवलं. मी तेव्हा नुकतीच आप्पांच्याच शाळेत नोकरीला लागले होते. घरात वडील आणि शाळेत साहेब. मीही काही बोलले नाही. आमच्या घरात न बोलण्याची सवय सगळ्यांनाच चांगली जमली होती, आप्पा सोडून.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. अजून जालना जिल्हा व्हायचा होता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातलेच. त्या पौषात दादाला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग जालन्याचा दवाखाना. एसटीत तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता आणि त्याची नखं हळदीसारखी पिवळी होती. संक्रांत तो बघू शकला नाही.

आप्पा तेव्हा कोसळले, हे मी लिहायला हवं. ते जेवत नव्हते. ओसरीवर दादाच्या जागेवर भिंतीला टेकून बसत, आणि कुणी आलं तरी त्यांना दिसत नसे. मला त्या दिवसांत त्यांची दया आली होती. ती दया फाल्गुनापर्यंत टिकली.

फाल्गुनात त्यांना सुचलं. मॅट्रिकला बसणाऱ्या मुलांचा निरोप समारंभ दरवर्षी व्हायचा. पेढे, फोटो, मुलींचं रडणं, हेडमास्तरांचं भाषण. आप्पांची ती सेवेतली शेवटची बॅच. समारंभात प्रत्येक मुलाला एक पेन द्यायचं, दादाच्या स्मरणार्थ. पेनं घरात होतीच. जी कमी पडतील ती बाजारातून आणायची. रात्रीच्या जेवणाला त्यांनी हे सांगितलं, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली.

मी म्हणाले, देऊ नका. ती वाटायची पेनं नाहीत. ते म्हणाले, वस्तू वापरात आली पाहिजे, कुलपात ठेवून पुजायची का? तू का दोन्ही हातांनी लिहिणार आहेस? यात चूक काही नव्हतं. आजही हे वाक्य मला बिनचूक वाटतं. ते बोलणारा माणूस चूक होता.

दोन दिवसांनी कळलं की जालन्याहून भांड्यांवर नावं घालणारा माणूस बोलावलाय. आमच्याकडे भांडं नावाशिवाय घरात येत नाही. लग्नातली घागर, बारशाची वाटी, कुणी दिली आणि कोणत्या निमित्तानं दिली ते काठावर कोरलेलं असतं. आप्पांच्या लेखी पेन ही तशीच वस्तू. तेव्हा मी एक पायरी खाली उतरले. म्हणाले, द्यायची तर द्या, पण नाव घालू नका.

"नाव न्हाई घातलं तर कुणाला कळणार कुणी दिली?"

"कुणाला कळायला पाहिजे, आप्पा?"

त्यांनी माझ्याकडे शाळेत बघायचे तसं बघितलं. "वश्याचं नाव राहायला नको?"

मी आणखी एक पायरी उतरले. म्हटलं, मग मला एक द्या. ते हिरवं, हैदराबादचं. ते सोडून बाकीच्यांचं काय करायचं ते करा. ते पंच्याचं टोक कानात फिरवत म्हणाले, "देऊ की. तुलाही देऊ." मला वाटलं, एवढं तरी वाचलं.

समारंभाच्या आधी आईनं पेनं धुतली. गेलेल्या माणसाची वस्तू दुसऱ्याला द्यायची तर धुऊन द्यावी, एवढंच तिला ठाऊक. मी शाळेतून आले तेव्हा ती न्हाणीघरात घंगाळाशी बसली होती. पाणी ऊन होतं. थंडीत लेकराला घालतात तसं, हात बुडवून बघून बेताचं ऊन. एकेक पेन ती दोन्ही हातांनी पाण्यात धरत होती आणि पदरानं टिपून पाटावर निजवत होती. इबोनाइट ऊन पाण्यात गेलं की त्याचा रंग मरतो. काळी पेनं मातकट झाली होती. हिरव्यातल्या लहरी विझून त्याला पाण्यातल्या दगडासारखा रंग आला होता. आई म्हणाली, "किती घाण निघाली बघ." मी तिच्याशेजारी बसले आणि उरलेली पुसू लागले. तिला काय सांगायचं? तिच्यावर रागावता येत नव्हतं. तो राग मी उचलून आप्पांवर ठेवला. त्यांच्यावर तेव्हा काहीही ठेवता येत होतं.

नाव घालणारा दुसऱ्या दिवशी आला. छिन्नी आणि हातोडी घेऊन अंगणात कडुनिंबाखाली बसला. पितळ-स्टीलची सवय असलेला हात. पहिल्याच ठोक्याला सेल्युलॉइडचं एक निळं पेन उभं चिरलं. तो गोंधळला. पिशवीतून दाभणासारखं टोकदार हत्यार काढून त्यानं ओरखडून अक्षरं काढायला घेतली. ओरखड्यांत पांढरा रंग भरायचा आणि वरून पुसून घ्यायचं. जरा वेळानं मान वर करून म्हणाला, "गुर्जी, एवढं बसंना झालंय. घागरीवानी जागा न्हाई ह्याला. कायतरी कमी करा."

आप्पांनी लिहून दिलं होतं, कै. वसंत गणपतराव यांच्या स्मरणार्थ, गणपतराव हेडमास्तर यांजकडून. ते कागद घेऊन ओट्यावर बसले. मी दारात उभी होते. त्यांनी 'यांच्या' काढलं, 'यांजकडून' काढलं. तरी बसेना. 'स्मरणार्थ' काढता येत नव्हतं, मग कशासाठी दिलं ते कळणार नाही. 'हेडमास्तर' काढता येत नव्हतं, अंबडमध्ये गणपतराव पुष्कळ. पेन्सिल कागदावर थोडा वेळ थांबली. मग त्यांनी दादाचं नाव खोडलं आणि तिथे दोन अक्षरं लिहिली.

दिवसभर अंगणातून तो खरवडण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी पेनं ओसरीवर ओळीनं मांडलेली होती. कै. व. ग. स्मरणार्थ. खाली जरा मोठ्या अक्षरात, गणपतराव हेडमास्तर. कातळावर पाल चिकटावी तशी पांढरी अक्षरं. गादीच्या कापडाच्या तीन पट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या. आप्पा एकेक पेन उचलून डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. खरे अश्रू होते ते. मी त्यांना तेव्हाही खोटं म्हटलं नाही, आता तरी कसं म्हणू? मला त्या अश्रूंचाच सगळ्यांत जास्त राग आला.

समारंभ शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाला. आप्पा चांगलं बोलले. मुलगा विद्याव्यासंगी होता म्हणाले, लेखणीचा उपासक होता म्हणाले. न्हाव्याची धोकटी हा शब्द त्या भाषणात नव्हता. एकेक नाव पुकारलं जाई, पोर व्यासपीठावर येई, वाकून नमस्कार करी, पेन घेई, टाळ्या होत. सगळ्यांचं झाल्यावर आप्पा म्हणाले, अजून एक राहिलं. आणि त्यांनी माझं नाव घेतलं. शाळेत घ्यायचे तसं, पूर्ण.

मी शिक्षकांच्या रांगेतून उठले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. त्यांच्या हातात ते हैदराबादचं पेन होतं आणि त्याच्यावर इतरांसारखंच सगळं कोरलेलं होतं. घरात मागितलेली वस्तू ते मला गावासमोर देत होते, बक्षीस म्हणून. टाळ्या वाजत होत्या. मी वाकून नमस्कार केला. न करून सांगते कुणाला? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मुली रडायला लागल्या. त्या रडण्यात माझं कोरडं तोंड कुणाला दिसलं नाही.

परीक्षेला आमचं केंद्र होतं. मी पर्यवेक्षक. पत्र्याचा वर्ग, बाहेर ऊन, आत पंखा नाही. बाकांच्या रांगांतून फिरताना प्रत्येक दुसऱ्या हातात माझ्या भावाचं पेन. अर्धवट भरलेलं शाईचं पेन उन्हानं ओकतं. आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. दादा म्हणून उन्हाळ्यात काठोकाठ भरायचा. आप्पांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, मला कुणी विचारलं नव्हतं. पोरांच्या बोटांवर, बाह्यांवर, उत्तरपत्रिकांवर डाग पडत होते. कुणी पेन झटकून फरशीवर शाई उडवत होतं. कुणी टोपण दातांखाली धरून विचार करत होतं. एकानं निब उलटी धरली होती आणि कागद फाडत चालला होता. मागच्या बाकावरचा एक पोरगा शेजाऱ्याला कुजबुजला, "मेलेल्याचं पेन हाय, म्हणून रडून राह्यलंय." शेजारी तोंड दाबून हसला. मी त्यांना गप्प बसवलं नाही. अंबडमध्ये त्या पेनांबद्दल कुणी खरं बोललं असेल तर तेच दोघं.

त्या सगळ्या पोरांचा मला राग आला होता. गरीब, घाबरलेली, भाकरी फडक्यात बांधून आलेली पोरं. त्यांचा काय दोष? काहीच नाही. राग दोष बघून येत नाही. पेपर सुटल्यावर मी वर्गात मागे थांबायची. बाकाखाली तुटलेली निब, चेपलेलं टोपण, कधी निबेखालची काळी जीभ सापडायची. मी ते उचलायची आणि खिडकीतून फेकून द्यायची. जपून ठेवलं नाही. जपायचं ते आधीच संपलं होतं.

त्यानंतर मी आप्पांबरोबर इतकी वर्षं राहिले. आई गेली, मी लग्न केलं नाही, त्यांचं पथ्य, औषधं, आंघोळीचं पाणी सगळं केलं. लोक म्हणतात लेक असावी तर अशी. पेनांचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. दर हिवाळ्यात पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्यावर त्यांची सही लागायची. मी त्यांच्या हातात दुकानातलं साधं पेन द्यायची. एका वर्षी सही करता करता ते थांबले. म्हणाले, "वश्याची पेनं हाताला बराबर बसायची, न्हाई?" मी दाखल्यावरची फुली दाखवली आणि म्हणाले, इथे करा. त्यांनी सही केली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे मला कळलं होतं. मी ते बोलू दिलं नाही. मी त्यांना जेवायला वाढत होते, आणखी काय वाढायचं ते माझ्या मर्जीवर होतं.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसावर एवढा दावा धरू नये. पेनंच तर होती. आणि शेवटी त्यांनीही मुलगा गमावला होता. हे सगळं मी मला अनेकदा सांगून बघितलं आहे. पटतं. पण पटल्यानं काही होत नाही. पेन्सिल कागदावर थांबली होती, तो क्षण मी दारातून बघितला आहे. दोघांतलं एक नाव लहान करायचं होतं, आणि एक जण मेलेला होता.

परवा अंकुश आला होता. हल्ली तो शाळेच्या संस्थेचा चिटणीस आहे, मोसंबीच्या दोन बागा आहेत. त्या शेवटच्या बॅचमधला. सतरंजीवर बसून त्यानं आधी सरांच्या आठवणी काढल्या. मग म्हणाला, संस्थेनं ठरवलंय, यंदापासून परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला सरांच्या स्मरणार्थ पेन द्यायचं. वाटप बाईंच्या, म्हणजे माझ्या, हस्ते.

तो पुढे सांगू लागला. "आता मशीननं नाव घालतेत, बाई. एकदम बारीक येतं अक्षर. सरांचं पूर्ण नाव बसतंय."

मग त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रुमाल उलगडून सतरंजीवर माझ्यापुढे ठेवलं. मरून रंगाच्या सेल्युलॉइडचं पेन, आत ढग सरकणारं. पट्टीतल्या मधल्या खणातलं. तो म्हणाला, हे सरांचं पेन. लिहिलं कधीच नाही. देव्हाऱ्यात असतं, दसऱ्याला पुजतो. तुम्हाला दाखवायला म्हणून आणलं. मी टोपण फिरवून बघितलं. निब जशीच्या तशी होती, दादाच्या हाताच्या कलानं झिजलेली, त्यानंतर कुणाच्याही हाताखाली न गेलेली. मी टोपण परत लावलं आणि पेन खाली ठेवलं.

"आप्पांना पेनं आवडत नव्हती," मी म्हणाले.

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं असावं. "आसं कसं, बाई? सरांनीच तर दिलं हे."

"ती त्यांची नव्हती."

अंकुशनं पेन उचललं, चष्मा कपाळावर सरकवून ती पांढरी अक्षरं वाचली. ती आता पिवळी पडली आहेत. मग त्यानं सरळपणे, लहान मूल विचारतं तसं विचारलं, "हे व. ग. कोण होते, बाई? तवाचं भाषण काही ध्यानात राह्यलं न्हाई, आम्ही समजायचो सरांचे वडील असतील."

इतकी वर्षं तो ते पेन पुजत होता.

मी त्याला दादाचं पूर्ण नाव सांगितलं. कोर्टातली नोकरी सांगितली, बाजारातलं फडकं सांगितलं, रविवारची ओसरी सांगितली. कार्बनवरच्या सह्या सांगितल्या. आईचं घंगाळ सांगितलं. ओट्यावरची पेन्सिलही सांगितली. आप्पांना सांभाळून घेतलं नाही. चहावर साय धरली. अंकुश मान खाली घालून सतरंजीचे दोरे ओढत होता. शेवटी मी म्हणाले, आप्पांच्या नावानं काही वाटू नका, आणि वाटायचंच असेल तर मला बोलावू नका. तो म्हणाला, "बराबर." आणखी काय म्हणणार?

मग तो उठला. वाकून नमस्कार केला, दारात चपला घातल्या, गाडीला किल्ली लावली. फाटकाशी एकदा थबकला, खिसे चाचपले. पेन माझ्यापुढे रुमालावर पडलेलं होतं. त्याला त्याचा विसर पडला होता, का त्यानं मुद्दाम ठेवलं होतं, ते मला कळलं नाही. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.

मी आठवण करून दिली नाही.